घरीं बांधलेलें विमान व त्याच्या एंजिनाचा ताप

वैशाखाच्या दिवसांत बोरघाट किंवा खंबाटकीचा घाट चढून जातांना रस्त्याच्या कडेला एखादी मोटार बॉनेट उघडें टाकून उभी असलेली आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. एंजिन तापलेलें असतें, रेडिएटरांतून वाफ निघत असते आणि चालक डबा घेऊन जवळपास पाणी शोधीत असतो. मंडळी झाडाच्या सावलींत बसतात, अर्धा तास जातो, एंजिन निवतें आणि प्रवास पुढें सुरू होतो. यांत वेळ जातो खरा, पण जीव जात नाहीं. हाच प्रसंग जमिनीपासून दोनतीनशें मीटर उंचीवर आला तर? तेथें रस्त्याची कड नाहीं, झाडाची सावली नाहीं आणि एंजिन बंद करून निवूं देण्याची सोय नाहीं. म्हणून विमानाचें एंजिन थंड राखणें हा सोयीचा प्रश्न नसून जीवाचा प्रश्न आहे. ज्यानें विमान कारखान्यांतून विकत न घेतां आपल्या हातांनीं घरीं बांधलें, त्याला तर हा प्रश्न स्वतःच सोडवावा लागतो. तो कसा सोडवितात हें या लेखांत सांगावयाचें आहे. विषय विमानाचा असला तरी त्यांतील विज्ञान आपल्या शाळेच्या पुस्तकांतीलच आहे, हें वाचकांच्या लक्षांत येईल.

घरीं विमान बांधतात हें ऐकून कोणास हंसूं येईल. परंतु एंजिनाच्या शक्तीनें मनुष्यास घेऊन उडालेलें पहिलें विमान घरगुतीच होतें. अमेरिकेंतील डेटन गांवीं सायकलींचें दुकान चालविणाऱ्या विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंनीं तें बांधलें, आणि त्याचें एंजिन त्यांच्याच दुकानांतील चार्ली टेलर या कारागिरानें सुमारें सहा आठवड्यांत तयार केलें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं तें उडालें. आज अमेरिकेंत अशीं विमानें बांधणें हा हजारों लोकांचा छंद आहे. बांधणाऱ्यानें निम्म्याहून अधिक काम स्वतः केलेलें असावें, एवढी अट पाळली म्हणजे तेथील सरकार तपासणी करून उडविण्याची परवानगी देतें. अशा लोकांची एक मोठी संस्था १९५३ सालीं विस्कॉन्सिन प्रांतांत स्थापन झाली, आणि प्रतिवर्षीं जुलैच्या अखेरीस त्याच प्रांतांतील ऑश्कॉश येथें तिचा मेळा भरतो. ओरेगॉन प्रांतांतील रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनीं योजिलेलीं 'आर-व्ही' जातीचींच दहा हजारांहून अधिक विमानें हौशी लोकांनीं पुरीं करून उडविलीं आहेत. आपला महाराष्ट्रहि यांत अगदींच मागें नाहीं. मुंबईस कांदिवलींत राहणारे वैमानिक अमोल यादव यांनीं आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें २०१६ सालीं मुंबईंतील प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, आणि २०१७ सालीं सरकारदप्तरीं त्याची नोंद झाली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एंजिन तापतें तरी कां? पेट्रोलांत जी शक्ति साठविलेली असते तिचा सुमारें चौथा ते तिसरा हिस्सा मात्र पंखा फिरविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ निम्मी उष्णता धुराबरोबर नळीवाटे निघून जाते. जी उरते ती सिलिंडरच्या भिंतींत व तेलांत शिरते, आणि हीच आपली पीडा होय. शंभर अश्वशक्तीचें लहानसें एंजिन घेतलें, तरी ही उरलेली उष्णता स्वयंपाकघरांतील एक किलोवॅटच्या तीसचाळीस विजेच्या शेगड्यांएवढी भरते. एवढ्या शेगड्या एका लहान पेटींत एकदम पेटविल्या आणि पेटीस बाहेरची हवा मिळाली नाहीं, तर काय होईल याची कल्पना कोणासहि करतां येईल.

सिलिंडरच्या पोटांत पेट्रोल जळतें तेव्हां तेथील वायूंचें तापमान क्षणभर २००० अंश सेंटिग्रेडच्याहि वर जातें. सिलिंडरचें डोकें ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचें असतें, त्यांतील शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें, आणि त्याच्या फार अगोदर, दोनशें अंशांच्या पलीकडे, त्या मिश्रधातूचें बळ कमी होऊं लागतें. डोकें वितळत नाहीं याचें कारण एकच, कीं उष्णता जितक्या वेगानें येते तितक्याच वेगानें ती बाहेर काढून नेली जाते. या छंदांतील लोकांच्या आवडीचें लायकमिंग कंपनीचें एंजिन घेतलें, तर त्याच्या डोक्याची कमाल मर्यादा २६० अंश सांगितलेली आहे, आणि तें दीर्घकाळ टिकावें अशी इच्छा असेल तर नेहमींच्या चालींत सुमारें २०५ अंशांच्या वर जाऊं देऊं नये असा कंपनीचा सल्ला आहे. मर्यादा ओलांडली तर तेल पातळ होऊन त्याचें वंगण कमी पडतें, झडपा अडकूं लागतात, डोक्यास चिरा पडतात, आणि पेट्रोल नियमितपणें जळण्याऐवजीं एकदम भडका होऊन दट्ट्यावर घणासारखे आघात होतात. असे आघात कांहीं मिनिटें चालले तरी दट्ट्यास भोंक पडूं शकतें.

विमानाच्या जन्माबरोबरच या प्रश्नाचाहि जन्म झाला. राइट बंधूंचें एंजिन पाण्यानें थंड केलेलें होतें. तरीहि तें सुरू होतांच सोळा अश्वशक्ति देई आणि थोड्याच वेळांत तापून बारांवर येई. २५ जुलै १९०९ रोजीं लुई ब्लेरिओ हा फ्रेंच गृहस्थ स्वतः रचलेल्या विमानांतून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. त्याच्या विमानास तीन सिलिंडरांचें, पंचवीस अश्वशक्तीचें, नुसत्या हवेनें थंड होणारें एंजिन होतें आणि तें फार तापत असे. वाटेंत पावसाची एक सर आली व तिनें एंजिन निवविलें, अशी कथा प्रसिद्ध आहे. ती अक्षरशः खरी असो वा थोडी रंगविलेली असो, पावसाच्या भरंवशावर विमान बांधतां येत नाहीं, एवढें तिच्यावरून कळतें. त्याच सुमारास फ्रान्समध्यें सेगँ बंधूंनीं एक विलक्षण युक्ति काढली. त्यांनीं पंख्याबरोबर सारे सिलिंडरच गरगर फिरविले, म्हणजे त्यांस आपोआप वारा लागावा. युक्ति काहीं वर्षें चांगली चालली. पण एंजिनें मोठीं होऊं लागल्यावर एवढें वजन फिरविणें जड झालें आणि ती मागें पडली.

पुढें बराच काळ असा समज होता, कीं एंजिन जितकें उघडें ठेवावें तितकें तें थंड राहील. हा समज १९२८ सालीं अमेरिकेंत लँग्ली येथील सरकारी प्रयोगशाळेंत मोडला. फ्रेड वाइक व त्यांचे सहकारी यांनीं वर्तुळाकार एंजिनाभोंवतीं विशिष्ट आकाराचा टोप बसविला आणि आंतील वारा नेमका सिलिंडरांच्या अंगालगत वाहील अशी योजना केली. टोप घातलेल्या विमानाची गति ताशीं ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेली, आणि एंजिनहि योग्य तितकें थंड राहिलें. उघड्यावर मोकाट फिरणारा पुष्कळ वारा निरुपयोगी असतो, आणि वाट आंखून दिलेला थोडा वारा मोठें काम करतो, हा त्या प्रयोगाचा धडा होय. घरीं विमान बांधणाऱ्यास आजहि हाच धडा नव्यानें शिकावा लागतो.

आजच्या लहान विमानांतील योजना अशी असते. एंजिनास बहुधा चार सिलिंडर असतात, दोन उजवीकडे व दोन डावीकडे आडवे पसरलेले. प्रत्येकाच्या अंगावर पातळ धातूच्या पाकळ्या असतात. मोटारसायकलच्या एंजिनावर आपण त्या नेहमीं पाहतों. पाकळ्यांमुळें धातूचा पृष्ठभाग अनेक पटींनीं वाढतो आणि वाऱ्यास उष्णता उचलण्यास अधिक जागा मिळते. एंजिनावर टोप असतो व त्याच्या तोंडाशीं, पंख्याच्या दोन्ही बाजूंस, दोन भोंकें असतात. त्यांतून वारा आंत शिरून सिलिंडरांच्या वरच्या पोकळींत कोंडला जातो, आणि तेथें त्याचा दाब वाढतो. सिलिंडरांच्या कडेनें व मागून पत्र्याचे आडोसे बसवून टोपाचा आंतील भाग वरची कोठी व खालची कोठी असा दुभागलेला असतो. वरच्या कोठींतून खालच्या कोठींत जाण्यास वाऱ्यास एकच वाट ठेवलेली असते, आणि ती पाकळ्यांच्या फटींतून जाते. खालीं आलेला तप्त वारा टोपाच्या तळाशीं, मागील बाजूस ठेवलेल्या तोंडांतून बाहेर पडतो. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहतें, तशी हवा अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. म्हणून वरच्या व खालच्या कोठींतील दाबांचें अंतर हेंच थंड करणाऱ्या वाऱ्याचें बळ होय.

येथें थोडें गणित केल्यास संकट केव्हां येतें हें स्पष्ट होतें. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. गति दुप्पट झाली तर दाब चौपट होतो. ताशीं १६० किलोमीटर वेगानें जातांना हा दाब पाण्याच्या सुमारें १२० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. तेंच विमान ताशीं ११० किलोमीटर वेगानें वर चढत असतां तो ६० मिलिमीटरच्याहि आंत येतो. म्हणजे चढतांना एंजिन पूर्ण शक्तीनें चालत असल्यानें उष्णता सर्वांत अधिक, आणि गति कमी असल्यानें वारा सर्वांत दुबळा. घाट चढणाऱ्या मोटारीची तीच स्थिति असते. म्हणूनच नवें विमान जमिनीवर शहाण्यासारखें वागतें, सपाट उड्डाणांतहि वागतें, आणि पहिल्याच चढणींत त्याचा ताप वाढतो.

आतां एक उदाहरण कल्पून पाहूं. समजा, एका गृहस्थानें पांचसहा वर्षें संध्याकाळचा वेळ व सुटीचे दिवस खर्चून दीडशें अश्वशक्तीचें एंजिन असलेलें दोन आसनांचें विमान पुरें केलें. पहिल्या उड्डाणाच्या दिवशीं तो धावपट्टीवरून उठला आणि तीनशें मीटरांवर पोहोंचण्याच्या आंतच तापमापकाचा कांटा २३० वर आला. पहातां पहातां तो २४५ कडे सरकूं लागला. अशा वेळीं धांदल उपयोगी नाहीं. विमानाचें नाक थोडें खालीं करावें म्हणजे गति व तिच्याबरोबर वारा वाढतो. एंजिनाची शक्ति बेतानें कमी करावी, पेट्रोलाचें मिश्रण गडद ठेवावें, धावपट्टीपासून दूर जाऊं नये, आणि हळूहळू वळून परत उतरावें. आपल्या गृहस्थानें तसेंच केलें व तो सुखरूप खालीं आला. खरें काम यानंतर सुरू होतें.

वैद्य रोग्याचा ताप उतरविण्यापूर्वीं तो ताप खरा आहे कीं नाहीं हें पाहतो. विमानांतहि पहिला संशय तापमापकावरच घ्यावा. सिलिंडरचें तापमान मोजण्यासाठीं दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा वापरतात. सांधा तापला कीं तारांत सूक्ष्म विद्युत्‌दाब उत्पन्न होतो आणि त्यानें कांटा हलतो. हा सांधा प्लगच्या खालीं वायसरसारखा बसविला, तर सिलिंडरच्या डोक्यांत ठेवलेल्या भोंकांत बसविलेल्या सांध्यापेक्षां तो अधिक आंकडा दाखवितो. म्हणून सांधा कोठें बसविला आहे हें कळल्याशिवाय आंकड्यास अर्थ नाहीं. मापकाची परीक्षा सोपी आहे. सांधा उकळत्या पाण्यांत धरावा, म्हणजे समुद्रकांठीं कांटा शंभरावर आला पाहिजे. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं पाणी ९५ ते ९६ अंशांसच उकळतें, हें मात्र विसरूं नये. ही परीक्षा न करतांच टोप कापावयास घेणें म्हणजे घड्याळ पुढें आहे म्हणून सूर्यास दोष देण्यासारखें आहे.

दुसरें असें पहावें, कीं चारी सिलिंडर सारखेच तापतात कीं एकच अधिक तापतो. हा भेद फार महत्त्वाचा आहे. चारी तापत असतील तर कारण सर्वांस समान असलें पाहिजे. एकच तापत असेल तर दोष त्या एकाच्या शेजारीं शोधावा. समान कारणांत पहिलें म्हणजे एंजिनाचें नवेपण. नव्या सिलिंडरच्या भिंतींवर दट्ट्याच्या कड्या घांसून बसेपर्यंत घर्षण अधिक असतें, म्हणून पहिल्या काहीं तासांत ताप चढलेला राहतो व पुढें आपोआप उतरतो. अमेरिकेंत नव्या घरगुती विमानानें प्रवासी घेण्यापूर्वीं सामान्यतः पंचवीस किंवा चाळीस तास परीक्षेचें उड्डाण करावें असा नियम असतो, आणि त्याचा उपयोग अशाच गोष्टी कळण्यासाठीं होतो. दुसरें समान कारण ठिणगीची वेळ. दट्ट्या वर पोहोंचण्यापूर्वीं ठराविक अंशांवर ठिणगी पडावी अशी व्यवस्था असते. ती चार अंशांनीं जरी लवकर पडूं लागली, तरी पेटलेला वायु सिलिंडरमध्यें अधिक वेळ दाबला जाऊन डोकें अधिक तापतें. तिसरें कारण पेट्रोलाचें फिकें मिश्रण. पूर्ण शक्तीच्या वेळीं हवेच्या मानानें पेट्रोल किंचित अधिक असावें लागतें. तें अधिकचें पेट्रोल वाया गेल्यासारखें दिसतें, परंतु त्यामुळें ज्वलन सौम्य होतें आणि सिलिंडरचा ताप खालीं राहतो.

आपल्या गृहस्थाचा मापक खरा निघाला, ठिणगी व मिश्रण ठीक निघालें, आणि मागील दोन सिलिंडर पुढच्यांपेक्षां अधिक तापतात असें दिसलें. आतां वाऱ्याच्या वाटेचा शोध घेणें प्राप्त झालें. त्यासाठीं एक घरगुती युक्ति आहे. रात्रीं टोपाच्या खालच्या कोठींत एक प्रखर दिवा ठेवावा, सभोंवार अंधार करावा, आणि पुढच्या भोंकांतून वरच्या कोठींत पहावें. पाकळ्यांच्या फटींतून उजेड दिसला तर तो योग्यच आहे. परंतु आडोशाच्या कोपऱ्यांतून, पत्र्यांच्या सांध्यांतून, तारा व नळ्या जाण्यासाठीं पाडलेल्या भोंकांतून जेथें जेथें उजेडाची रेघ दिसेल, तेथें तेथें वारा काम न करतां पळून जात आहे असें समजावें. बोटभर रुंदीची एक फट पाहून तिचें कांहीं वाटत नाहीं. पण अशा दहा फटी एकत्र केल्या म्हणजे तळहाताएवढें भोंक होतें, आणि पाकळ्यांच्या अरुंद वाटेनें जाण्यापेक्षां वारा त्या मोकळ्या भोंकानेंच जाणें पसंत करतो. आळस हा मनुष्याचाच गुण आहे असें नाहीं.

या फटी उष्णता सोसणाऱ्या रबरासारख्या लुकणानें बुजवितात. पत्र्याचा आडोसा व टोप यांच्या मधील मोठी फट लवचिक रबरी पट्टीनें झांकतात. ही पट्टी दाबाच्या बाजूस, म्हणजे वरच्या कोठीच्या आंत वळलेली असली पाहिजे. मग वाऱ्याचा दाबच तिला टोपावर घट्ट दाबून धरतो. ती बाहेरच्या बाजूस वळली तर तोच दाब तिला उचलतो आणि हवेंत गेल्यावर फट उघडते. जमिनीवर मात्र दोन्ही प्रकारांत सारें ठीक दिसतें. त्यानंतर सिलिंडरच्या पाकळ्यांतून बारीक तार फिरवून पहावी, कारण ओतकामाच्या वेळीं राहिलेला धातूचा पापुद्रा कधीं कधीं त्यांच्या फटी बुजवून टाकतो. आणखी एक दोष नवशिक्यास दिसत नाहीं. सिलिंडरच्या ज्या बाजूस पाकळ्या अगदीं आंखूड असतात, तेथें मागचा आडोसा डोक्यास चिकटून बसला तर वाऱ्यास जाण्यास वाटच उरत नाहीं. तेथें एखादें वायसर घालून आडोसा किंचित मागें सारावा लागतो. एके ठिकाणीं फट बुजवावयाची आणि दुसरे ठिकाणीं मुद्दाम ठेवावयाची, हें परस्परविरुद्ध वाटतें. पण नियम एकच आहे. जेथें उष्णता आहे तेथें वाट असावी, जेथें नाहीं तेथें नसावी.

एवढें करून मागील सिलिंडर पुढच्यांच्या बरोबरीस आले, पण चढणींत चौघांचाहि ताप अद्याप थोडा अधिकच राहिला. अशा वेळीं बहुतेकांच्या मनांत येतें, कीं पुढचीं भोंकें मोठीं करावीं म्हणजे अधिक वारा आंत येईल. ही या विषयांतील सर्वांत मोठी व सर्वांत साहजिक चूक होय. तिचा उलगडा घरांतील कंदिलानें होतो. वडील माणसांच्या देखत पेटलेल्या कंदिलाच्या वरचा धूर जाण्याचा मार्ग पत्र्यानें झांकून पहा. खालचीं भोंकें उघडीं असूनहि ज्योत मंद होते, काजळते आणि विझूं लागते. हवा आंत येत नाहीं, कारण आंतली हवा बाहेर जात नाहीं. विमानाच्या टोपाचेंहि असेंच आहे. बाहेर पडण्याचें तोंड लहान असेल तर खालच्या कोठींत दाब सांचतो, दोन्ही कोठ्यांच्या दाबांतील अंतर घटतें, आणि पुढचीं भोंकें कितीहि मोठीं केलीं तरी जास्तीचा वारा तोंडाशींच अडून बाजूनें निघून जातो. त्यानें विमानास अडथळा मात्र वाढतो.

शिवाय तापलेली हवा फुगते. ३० अंशांस आंत आलेली हवा १०० अंशांची होऊन बाहेर पडते असें धरलें, तर शाळेंत शिकलेल्या नियमाप्रमाणें तिचें आकारमान ३०३ स ३७३ या प्रमाणांत वाढतें, म्हणजे जवळजवळ सव्वापट होतें. आंत येण्याच्या वाटेपेक्षां बाहेर जाण्याची वाट मोठी कां असावी लागते, हें यावरून ध्यानांत येईल. अंदाजानें पत्रा कापण्याऐवजीं हेंहि मोजून पहातां येतें. पारदर्शक रबरी नळीस इंग्रजी यू अक्षराचा आकार देऊन तींत रंगीत पाणी भरावें. तिचें एक टोंक वरच्या कोठींत व दुसरें खालच्या कोठींत नेऊन बसवावें, आणि मधला भाग बैठकीच्या जागीं फळीवर बांधावा. उड्डाणांत दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीचें अंतर म्हणजेच दाबांचें अंतर. विमान उडवितांना नळीकडे पहाण्यासाठीं शेजारीं दुसरा माणूस असावा हें बरें. परंतु परीक्षेच्या दिवसांत प्रवासी नेण्याची मनाई असल्यानें हौशी लोक नळीसमोर लहानसा कॅमेरा बसवून नंतर आंकडे वाचतात. आपल्या गृहस्थानें मागचें तोंड थोडें मोठें केलें, त्याच्या पुढच्या कांठास खालीं झुकलेली एक पट्टी लावली, म्हणजे तिच्यामागें दाब कमी होऊन वारा बाहेर ओढला जावा, आणि पुन्हां मोजलें. पाण्याचें अंतर वाढलेलें दिसलें आणि ताप खालीं आला. पुढच्या भोंकांस त्यानें हातहि लावला नाहीं.

तेलाचाहि विचार करावा लागतो. तें फार तापूं नये तसेंच फार थंडहि राहूं नये. साधारणपणें ८० अंशांच्या वर तें गेलें नाहीं तर त्यांत जमलेली पाण्याची वाफ उडून जात नाहीं आणि आंतील पोलाद गंजतें. म्हणून तेल थंड करणारी जाळी वरच्या कोठींतील वाऱ्यावरच बसवितात, आणि तेल पुरेसें तापेपर्यंत तें जाळींतून जाऊं नये अशी आपोआप उघडणारी झडप ठेवतात. थंड करण्याची कला म्हणजे होईल तितकें थंड करणें नव्हे, तर योग्य तितकेंच थंड करणें होय.

कोणी विचारील, मोटारीसारखें पाणीच कां वापरूं नये? वापरतात. १९२९ सालीं मिनेसोटा प्रांतांतील बर्नार्ड पीटनपोल यांनीं फोर्ड मोटारीचें एंजिन बसवून आपलें विमान उडविलें, आणि त्याचा रेडिएटर वैमानिकाच्या डोळ्यांसमोर उभा असे. बर्ट रुटन यांनीं योजिलेलें 'व्हॉयेजर' हें विमान कॅलिफोर्नियांतील मोजावे येथें थोड्या माणसांनीं आपल्या हातांनीं बांधलें. त्यांतून १४ ते २३ डिसेंबर १९८६ या नऊ दिवसांत डिक रुटन व जीना येगर यांनीं कोठेंहि न उतरतां व वाटेंत इंधन न घेतां पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याचें पुढचें एंजिन वाऱ्यानें थंड होणारें होतें, तर बहुतेक प्रवासभर चाललेलें मागचें एंजिन द्रवानें थंड होणारें होतें. परंतु द्रव उष्णता फक्त दुसरीकडे वाहून नेतो. शेवटीं रेडिएटरमधून ती वाऱ्यासच द्यावी लागते. त्या रेडिएटरलाहि आंत येण्याची व बाहेर जाण्याची वाट नीट आंखून द्यावीच लागते. पंप, नळ्या व गळती यांची काळजी मात्र वाढते.

या सर्व खटाटोपांत एक शिस्त पाळावी लागते, आणि विद्यार्थ्यांस सांगावयाची मुख्य गोष्ट तीच आहे. एका वेळीं एकच बदल करावा, उड्डाण करावें, त्या दिवशींचें हवेचें तापमान, विमानाची गति, उंची व चारी सिलिंडरांचे आंकडे वहींत लिहावे, आणि मग दुसरा बदल करावा. एकदम चार बदल केले आणि ताप उतरला, तर कोणत्या औषधानें गुण आला हें कळत नाहीं. आणि चढला तर कोणत्या औषधानें बिघाड केला हेंहि कळत नाहीं. आपल्या मनास आवडणारा आंकडा लिहिण्याचा मोह तर कधींच होऊं देऊं नये. परीक्षेच्या कागदावर खोटा आंकडा लिहिला तर गुण जातात. या वहींत लिहिला तर लिहिणारा स्वतःच त्या विमानांत बसावयाचा असतो, आणि पुढें त्याची बायकामुलेंहि बसावयाचीं असतात.

शुभवर्तमानांत आपल्या प्रभूनें बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत दिला आहे. काम हातीं घेण्यापूर्वीं बसून हिशेब करणारा शहाणा, हा त्याचा आशय आपणां सर्वांस माहीत आहे. विमान बांधणारास हा हिशेब आरंभीं एकदां करून पुरत नाहीं. तो रोज करावा लागतो. आपणांपैकीं थोडेच पुढें विमान बांधतील. परंतु शेतावरचा पंप, कारखान्यांतील यंत्र किंवा घरांतील चूल यांच्याशीं बहुतेकांची गांठ पडेल. तेथें कांहीं तापूं लागलें म्हणजे घाईनें अधिक वारा, अधिक पाणी किंवा अधिक पैसा ओतण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारा: मोजमाप खरें आहे काय, आणि आंत आलेल्यास बाहेर जाण्यास वाट आहे काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें शांतपणें शोधणारास निम्मा रोग तेथेंच सांपडतो.